कुणाच्याच घरी न जाणारी तार

पहाटे पावणेपाचला बस सुटते आयडाहो फॉल्समधून.
ड्रायव्हर आतले दिवे मालवतो,
माणसं माना टाकून झोपतात,
बाहेर सेजब्रशची खुरटी झुडपं,
थिजलेला काळा लाव्हा,
हेडलाइटमध्ये एखाद्या हरणाचे दोन डोळे
आणि मग काहीच नाही, पन्नास मैल.

बापाने हीच बस पकडली एकतीस वर्षं.
त्याच्या छातीवर बिल्ला असायचा,
अंगात किती किरणं गेली ते मोजणारा.
महिन्याच्या शेवटी कुणीतरी बिल्ला न्यायचं
आणि एक आकडा परत यायचा.
आई विचारायची, आज काय केलंस?
तो म्हणायचा, काम.
मग बुटांच्या नाड्या सोडत बसायचा,
जेवण निवेपर्यंत.

माझं काम मोडायचं.
वाळवंटात आमचं एक सबस्टेशन आहे.
खांब खरे, तारा खऱ्या, रोहित्रं खरी,
गुणगुणतातही खरीच.
फक्त तारांच्या टोकाला घर नाही.
फ्रीज नाही, काच-पेटीतलं अपुऱ्या दिवसांचं मूल नाही,
अंधाराला भिणाऱ्या कुणाचा निळा दिवा नाही.
वीज जाते, वळसा घालते, परत येते,
जशी एखादी बाई
कुणी येणार नाही हे माहीत असून
पानं मांडते, पानं उचलते.

मी, ऑस्मर थॉर्नॉक, आणि बॉयसीचा बास्क पोरगा इन्याकी,
आम्ही तिथे चोर होतो.
कुलूप आमचंच, दारही आमचंच,
तरी किल्ली न वापरता आत शिरायचं.
अकरा महिने आम्ही एका रिलेशी बोलत होतो
त्याच्याच भाषेत, गोड गोड.
बाराव्या महिन्यात त्याने ऐकलं.
ब्रेकर उघडला, मिटला,
भलत्या क्षणी पुन्हा उघडला,
आणि ट्रकएवढा जनरेटर
अंगात आल्यासारखा घुमला,
रबराचे लचके फेकले, काळा धूर ओकला, बसला.
इन्याकीने टाळ्या वाजवल्या, मग थांबला.
अहवालात एकच शब्द: यशस्वी.

फेब्रुवारीत एका रात्री आर्कोची वीज गेली.
बाप तिथे एकटा, नाकात नळी,
उशाशी ऑक्सिजनचं यंत्र, भिंतीतल्या विजेवर चालणारं.
फोन लागेना.
सदुसष्ट मैल बर्फातून गाडी हाकताना
मी रस्त्यावरचे खांब मोजले नाहीत,
दारं मोजली,
मला ठाऊक असलेली, कुणालाही सांगता न येणारी दारं.
चोवीसपर्यंत आले. पंचविसावं
मीच शोधलं होतं.

तो खुर्चीत बसला होता, अंगावर ब्लँकेट,
नळी सुट्या सिलिंडरला स्वतःच जोडलेली.
काटा लालच्या जरा वर.
म्हणाला, मी नऊ वर्षांचा होतो,
या गावात पहिल्यांदा अणूची वीज आली तेव्हा.
तासाभरासाठीच. आम्ही बल्बकडे टक लावून बसलो.
शेजारची म्हातारी म्हणाली,
मेला नेहमीसारखाच तर दिसतोय.

हसताना त्याला धाप लागली.
मी काट्याकडे बघत राहिले.

मग त्याने विचारलं, कुणी केलं?
म्हटलं, माहीत नाही.
तू काय करतेस गं तिथे?
म्हटलं, काम.
अंधारात त्याचा चेहरा दिसला नाही,
पण त्याचा हात नाडीशी गेल्यासारखा
बुटाकडे गेला, आणि बूट नव्हते पायात.

तीन वाजता लाइनमन दारावर आला,
मिशांवर बर्फ, हातमोज्यात एक पीस.
घुबड, म्हणाला. रोहित्रावर बसलं
आणि दोन्ही पंख पसरले बिचाऱ्याने,
एवढंच.

यंत्र सुरू झालं.
मायक्रोवेव्हवर चार शून्यं लुकलुकत राहिली,
बापाने ती लावली नाहीत.
मीही नाही.
पावणेपाचची बस
त्या दिवशी माझ्याविना गेली.