नोंद क्रमांक दोनशे चौदा

गुरुवारी सहा वाजता. प्रवेश विनामूल्य.
वाचनालयाच्या दारावरच्या पाटीवर हे मीच लिहितो,
खडूनं, बोटं गारठलेली असताना,
आणि ‘विनामूल्य’ दोनदा अधोरेखित करतो,
कारण श्चेचिनमधली माणसं उंबऱ्यापाशी थबकून
अजूनही खिसे चाचपतात.

खुर्च्या चाळीस मांडायच्या, असा हाल्श्काबाईंचा हुकूम.
येतात नऊ. कधी अकरा.
त्यांतला एक फक्त रेडिएटरसाठी.
बूट काढतो, मोजे वाळत घालतो,
आणि समोर कवी कितीही मोठा असो, घोरतो.
त्याला कुणी उठवायचं नाही. हा नियम पाटीवर नाही,
पण आहे.

त्या गुरुवारी लेखक आलाच नाही.
पोझ्नानच्या पुढे कुठेतरी बर्फात त्याची गाडी अडकली.
टेबलावर त्याच्या नावाचा पुठ्ठा, भरलेला ग्लास,
ताटलीत बिस्किटं.
हाल्श्काबाई म्हणाल्या, आता जमलोच आहोत तर
वाचा ना कुणीतरी काहीतरी.
सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले,
मोजेवाला सोडून.

मग लुद्विका उठली. सव्वीस वर्षं ट्राम चालवलेली बाई,
पुढे वळण येणार असल्यासारखी
अजून पाय फाकवूनच उभी राहते.
पिशवीतून वही काढली, कडा कुरतडलेल्या, तेलाचे डाग.
मी काही लेखिका नाही, म्हणाली.
डेपोवाले रद्दीत टाकत होते, मी घरी आणली.
अक्षर मात्र माझंच.

आणि वाचू लागली,
पुढचा थांबा सांगावा तशा आवाजात, चढ नाही, उतार नाही:
हातमोजा एक, डावा.
छत्री, दांडा नसलेली.
छत्रीचा दांडा. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गाडीत.
कवळी, वरची, रुमालात बांधलेली.
मासा, जिवंत, बादलीसकट, नाताळच्या आदल्या दिवशी.
पत्र, बंद.
(नंतर उघडलेलं, ती म्हणाली. मी.)

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच.

क्रमांक दोनशे चौदा. मार्च चौऱ्याऐंशी.
केक, खोक्यात. वर क्रीमनं लिहिलेलं:
बार्तेकला, सहा वर्षं.

मागच्या रांगेत खुर्ची करकरली.
झेनॉन. दर गुरुवारी येतो, प्रश्न कधीच विचारत नाही,
टोपी मांडीवर उलटी ठेवून बसतो.
तो माझा, म्हणाला.
साखर रेशनवर होती. तीन घरांची कुपनं
गोळा केली होती मी त्यासाठी.
उतरायच्या घाईत राहिला.
बायकोला सांगितलं, चोरीला गेला.

रेडिएटर तेवढा टकटक करत होता.

काय झालं त्याचं?
लुद्विकानं वही मिटली, बोट आत तसंच.
तीन दिवस ठेवला, नियमाप्रमाणे.
मग खाल्ला. चौघांनी, डेपोत, रात्रपाळीला.
कसा होता?
छान होता. खोटं कशाला बोलू?
कडेनं थोडा सुकला होता.

झेनॉन बराच वेळ मान हलवत राहिला,
जुना हिशेब पुन्हा जुळवून बघणाऱ्यासारखा.
चला, म्हणाला, कुणाच्या तरी पोटात गेला.
बार्तेक आता शेचाळीस वर्षांचा. रॉटरडॅमला असतो.
गोड खात नाही.

लेखकाच्या टेबलावर पेन होतं, त्यानं सह्या कराव्यात म्हणून.
लुद्विकानं ते उचललं,
आणि दोनशे चौदासमोर, चाळीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात
लिहिलं: मालक सापडला.
मग वही त्याच्यापुढे सरकवली.
इथे सही.
त्यानं केली. टोपी तेवढ्यासाठी खाली ठेवली.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या एकात एक रचल्या, चाळीसच्या चाळीस.
बिस्किटं संपली होती.
रेडिएटरवर मोजे राहिले होते,
तो बाबा नुसत्याच बुटांत बर्फात निघून गेलेला.
लेखकाच्या नावाचा पुठ्ठा मी उलटा केला,
पेन तिथंच होतं,
थोडा वेळ उभा राहिलो, दिवा न घालवता,
मग तारीख घातली आणि लिहिलं:
मोजे, लोकरीचे, एक जोड.
अजून गरम.