प्रस्ताव क्रमांक दहा

मंगळवारी निगमात जनसुनवाई असते.
अकरा मंगळवार मी गेले.
श्रीवास्तव बाबू आताशा मला पाहून
पंखा थोडा माझ्याकडे वळवतात,
खुर्ची अजून देत नाहीत.

अर्ज हिंदीत. 'सेवा में, आयुक्त महोदय.'
रात्री निंबाळकरांच्या गोठेत, घरी,
तोच मी मनातल्या मनात मराठीत वाचायची,
आणि दर वेळी ती चुगली वाटायची.

सदतीस तांगे. मीच मोजले,
पडावपासून हजिऱ्यापर्यंत, मे महिन्यात, दुपारी दोनला,
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन.
वहीत रकाने आखले होते:
नाल. जखम. पाणी.
पाण्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
नाही, नाही, नाही, आणि मग नुसत्या रेघा.
एकाच्या पट्ट्याखाली जखम होती,
तिच्यावर हळद आणि गाडीचं काळं तेल.
मालकाला विचारलं तर म्हणाला,
माझ्या पायालाही हेच लावतो.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि पुलाच्या चढावर ती घोडी.
डांबर पातळ झालं होतं.
मागे सिमेंटची बारा पोती.
ती गुडघ्यांवर आली आणि तशीच राहिली,
कुणी काही विचारलंय
आणि तिला ते आठवत नाहीये, अशी.
मागून हॉर्न वाजत होते.
तांगेवाल्यानं चाबूक खाली ठेवला,
तिच्या कानाशी तोंड नेलं.
काय बोलला, ते ऐकू आलं नाही.
तो शराफत होता. घोडीचं नाव इमरती.

परिषदेची बैठक झाली.
नऊ: नाल्यावरच्या जाळ्या.
दहा: तांगे.
एक पार्षद उठून म्हणाले, रोजगाराचं काय?
दुसरे म्हणाले, वरातीच्या घोड्या यातून वगळा,
अगहनात पुतण्याचं लग्न आहे.
वगळल्या.
हात वर झाले. मी गॅलरीत मोजत होते,
मोजायची सवयच लागली होती,
तेवढ्यात चहा आला
आणि काही हात कपासाठी होते की प्रस्तावासाठी,
ते शेवटपर्यंत कळलं नाही.
पास झाला.
बाहेर कुणीतरी मला झेंडूचा हार घातला.
त्याचा वास मला जिन्सी नाल्यापर्यंत पुरला.

मग काल शराफत दारात.
हातात ई-रिक्षाच्या कर्जाचा फॉर्म.
'दीदी, बंद तुम्ही केलंत, आता भरूनही तुम्हीच द्या.'
आवाजात राग असता तर बरं झालं असतं.
मी चष्मा शोधला. नाव, वडिलांचं नाव:
हबीब खाँ.
पेन थांबलं.

हबीबचाचांच्या तांग्यातून आम्ही सहा मुली शाळेत जायचो.
मी धाकटी, म्हणून मागच्या बाजूला,
पाय लोंबकळत, डबा मांडीत.
रस्ता पायांखालून निघून मागे मागे जायचा,
फालका बाजार लहान होत जायचा,
मी रोज मागे बघत पुढे पोचायची.
सहा वर्षं.
चाचांची खाकी टोपी आठवते. घुंगरांचा आवाज आठवतो.
घोड्याचं तोंड आठवत नाही.
सहा वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

फॉर्ममध्ये खाली एक ओळ होती:
जनावराचे काय केले? विक्री / दान / इतर.
शराफतनं बोट ठेवलं त्याच्यावर,
आणि उचललंच नाही.

मी बाहेर गेले.
इमरती आमच्या तगरीची पानं खात होती.
झापडं काढलेली.
पहिल्यांदाच समोरून जाऊन उभी राहिले.
डाव्या पापणीचे केस पांढरे आहेत.
गुडघ्यांवर खपली.
तिनं मला पाहिलं, जेवढं पाहायचं तेवढं,
आणि मान स्टेशनकडे वळवली.
चार वाजले होते. गाडीची वेळ.

फॉर्म टेबलावरच आहे.
शराफत म्हणाला, उद्या येतो.
उद्या एक तारीख.
कसा येशील, हे मी विचारलं नाही.