शेर आणि वर छटाक

डॉक्टर म्हणाले, दिवसाला एक लिटर.
पाणी, चहा, ताक, वरणाचं पातळ, सगळं धरून.
जळगावात मे महिना,
भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसतो,
आणि मूत्रपिंड म्हणतंय, मला झेपत नाही.

सून बाटलीवर मार्करनं रेघा मारते:
दोनशे, चारशे, सहाशे.
तिला कुठं माहीत,
असल्या रेघांचा मी एकतीस वर्षं पगार खाल्लाय.

वजनमापे खात्यातला शिपाई मी.
पुढे निरीक्षक बाविस्कर, मागे मी,
डोक्यावर शिसवी पेटी,
पेटीत हिरव्या बनातीवर निजलेली पितळी मापं,
लिटर, अर्धा, पाव, शंभर, पन्नास,
आणि सगळ्यात शेवटी वीस, अंगठ्याएवढं.

बासष्ट साल. अडावदचा बाजार.
शेर बंद झाला, हे सांगायला आम्ही गेलेलो.
घरात माणूस गेलंय
आणि घरच्यांनाच ठाऊक नाही, असे चेहरे समोर.

साहेबांनी शाळेचा फळा मागवला.
शेर म्हणजे नऊशे तेहतीस मिलिलिटर.
पावशेर दोनशे तेहतीस. नवटाक एकशे सोळा आणि वर थोडं.
छटाक अठ्ठावन्न आणि वर थोडं.
मागून कुणी विचारलं, हे वर थोडं कुठं जातं?
साहेब म्हणाले, ते राहू नये म्हणूनच लिटर आणलाय.

झेलाबाई चौधरीच्या घाणीवर
शेंगदाण्याचं तेल दोन रुपये शेर.
मग लिटरला किती?
साहेबांनी कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं.
तिनं बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला,
"दोन रुप्या चौदा पैसा."
साहेबांचंही तेच आलं,
जरा उशिरा.

मग तिचा शेर तपासला.
पाणी भरलं, काठावरून काच सरकवली,
खाली एक बुडबुडा नाही.
माप खरं होतं. तरी रद्द.
फुली मारण्याआधी साहेब म्हणाले,
चार गिऱ्हाइकं होऊ दे, बघू.

ती शेर भरायची, बाटलीत रिता करायची,
आणि न बघता पळी पुन्हा डब्यात जायची.
आम्ही प्रत्येकाचं तेल आमच्या लिटरात ओतून घेतलं.
पोलीस पाटलाला नऊशे तेहतीस, थेंब वर नाही.
मास्तरांना नऊशे पन्नास.
डिंक घेऊन डोंगरातून उतरलेल्या तडव्याच्या पोराला
नऊशे ऐंशी.
बहीण बाळंत झाली म्हणून आलेल्या पोरीला
एक हजार दहा; पेटीतलं वीसचं माप तेव्हा काढावं लागलं.

"बाई, हे असं कसं?"
"माप ते भरी दिधं, साहेब.
आते मना हात बी मोजतस का?"

साहेबांनी वही चाळली.
तुटीला रकाना होता, जास्तीला नव्हता.
मी शेर धरला, त्यांनी छिन्नी.
पितळेवर दोन घाव, आडवा, उभा.
पुढच्या खेपेला गेलो
तर फुलीचा शेर कोंबड्यांच्या पाण्याला लावलेला.

आता खाटेवर पडल्या पडल्या वजाबाकी करतो.
लिटरातून शेर गेला, उरले सदुसष्ट.
त्यातून छटाक गेली, उरले आठ-नऊ,
चमचा-दोन चमचे.
दिवसभरात शेर पितो, मोजून.
छटाक रात्रीला ठेवतो,
वीज जाते, पंखा गरगरत थांबतो,
तेव्हा तोंडात धरून ठेवायला, न गिळता.

काल सुनेनं बाटली रेघेपर्यंत भरली.
माझ्याकडे एकदा पाहिलं,
आणि तांब्या पुन्हा जरासा कलला.

ती गेल्यावर बाटली खिडकीशी धरली.
डॉक्टरांना सांगायला हवं, हे कळतं मला.
तीस असेल.
फार तर पस्तीस.