तीन मेंढ्या

दाल्काउएहून सकाळची बोट.
पाठीवर पिशवी, पिशवीत राउटर,
राउटरवर माझाच रेनकोट, आणि मी भिजलेला.
बेटावरची ही पहिली जोडणी.
परतीची बोट चारला. चुकली तर उद्या.

एर्मेलिंदा कार्कामो चुलीशी बसून
जांभळे बटाटे सोलत होती.
"चिमणीतून वायर नको," म्हणाली, "ती धुराची वाट आहे."
मग भिंतीला भोक पाडलं.
लाकूड एवढं जुनं, इतका पाऊस प्यालेलं,
की ड्रिलला दाद देईना.

पहिला दिवा हिरवा. दुसरा हिरवा.
तिसरा नारिंगी. बराच वेळ नारिंगी.
"आजारी आहे का?"
"नाही, शोधतोय."
"कुणाला?"
कंपनीच्या प्रशिक्षणात
हा प्रश्न आला नव्हता.

"नेटवर्कचं नाव काय ठेवू?"
"घर."
"पासवर्ड?"
सुरी थांबली.
"म्हणजे जे फक्त मला माहीत?"
"तुम्हाला, आणि तुम्ही ज्याला सांगाल त्याला."
"मी कशाला कुणाला सांगू?"
कुंपणापलीकडच्या छपरातून धूर निघत होता.
तिकडे न बघता म्हणाली,
"लिही. मेंढ्या आउरेलिओने नेल्या.
सगळं जोडून लिही, मध्ये जागा सोडू नकोस.
जागा दिसली की तो घुसतो."
"एक आकडा हवा."
"तीन. तीन होत्या."
"आणि एक अक्षर मोठं."
"त्याचं नाव मोठं करायचं नाही.
मेंढीचं कर."

नारिंगी हिरवा झाला.
तिला बघायचं असं काही नव्हतं.
"पाऊस विचार," म्हणाली.
फोन म्हणाला, बेटावर स्वच्छ ऊन.
छपरावर पाऊस ताशा वाजवत होता.
ती एवढी हसली की सालं मांडीवरून सांडली.

पावणेतीनला दार वाजलं.
आउरेलिओ बार्रिया, एका हातात टोपी, एका हातात फोन.
अकरा वर्षांत त्याने कुंपण ओलांडलं नव्हतं.
आज त्याच्याआधी
तिचं 'घर'च कुंपण ओलांडून गेलं होतं.
"यावर नाव उमटलंय," तो उंबऱ्याला म्हणाला, तिला नाही.
"पुंता आरेनासला लेक बाळंत झाली. रात्री.
दाखवते म्हणतेय."

मी हळूच कुजबुजलो,
"दोन मिनिटांत बदलून देतो."
"का? मी काय खोटं लिहिलंय?"
एप्रनला हात पुसून ती उठली
आणि एकेक अक्षर सांगू लागली.
तो अंगठ्याने टाइप करत होता,
जाळ्याची गाठ सोडवावी तसा.
मेंढ्या आल्या. पहिलं अक्षर मोठं.
"आता आ," ती म्हणाली. "छोटा. ऊ. एर्रे. ए."
तिथे त्याचा अंगठा थांबला.
स्वतःचं नाव अर्ध्यात ओळखता येतं माणसाला.

मी माझ्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिलो.
तो साधाच होता.

"एले," तो स्वतःच म्हणाला. "ई. ओ."
पुढचं तिने सांगितलं, त्याने लिहिलं.
"आणि तीन."

"दोन होत्या," आउरेलिओ म्हणाला.
"तिसरी कड्यावरून गेली. मी बघितली जाताना."
"तीन लिहिलंस तरच लागेल."
चुलीत ओलं लाकूड चरचरलं.
त्याने माझ्याकडे बघितलं.
मी काय सांगणार, खरंच तसंच असतं.

त्याने तीन लिहिलं.

फोनवर एक गोल फिरला, मग एक गुलाबी चौकट,
मग खूप चौकटी, एकमेकींत अडकलेल्या,
कुठूनतरी रडण्याचा तुकडा.
एर्मेलिंदा पाठमोरी बटाटे धूत होती.
"कुणावर गेलंय?"
"नीट दिसत नाही," तो म्हणाला. "तुकडे तुकडे येतायत."
तेव्हा तिने न विचारता
माझं टेबल, राउटर, वायर सगळं धरून
कुंपणाकडच्या खिडकीशी ओढत नेलं.
तिसरा दिवा परत नारिंगी झाला.

चार वाजायला आले होते.
मला निघायला हवं होतं.