कारण न लिहिता

राजारामपुरी, पाचवी गल्ली. खाली मिरचीकांडप,
वर माझा इंग्रजीचा वर्ग.
मार्चात तर सगळं व्याकरण शिंकतच शिकायचं.

निवास इंगवले शिरोलीच्या फाउंड्रीतून येतो.
कानामागं वाळूची काळी रेघ राहिलेली,
वहीला मात्र प्लास्टिकचं कव्हर.
"मॅडम, ह्यो टिंब हाय का स्वल्पविराम?
एक कायतरी ठरवा की."

आधी मीही त्याला चुकीचंच शिकवलं होतं.
आमच्या गडहिंग्लजच्या शाळेत सांगायचे,
स्वल्पविरामाला एक मोजा, अर्धविरामाला दोन,
पूर्णविरामाला चार.
तो मोजायचाही ओठ हलवत,
साचा थंड व्हायची वाट बघितल्यासारखा.

मग एका संध्याकाळी फळा पुसला. म्हटलं,
श्वासाचं काही नाही ह्यात.
उजवीकडचं झाकून बघ, डावीकडचं उभं राहतंय का?
आता डावीकडचं झाक.
दोन्ही आपापल्या पायावर उभी असली
आणि तरी एकमेकांकडं बघत असली,
तरच हे चिन्ह.
एखादं लंगडं असेल तर नको.
मध्ये 'बिकॉज' आला की तर नकोच;
त्यानं आधीच दोघांना बांधून टाकलेलं असतं.

तो बराच वेळ फळ्याकडं बघत होता.
"म्हणजे सलामी," म्हणाला.
"दोघं बी पुरं पैलवान. हात लागलाय,
अजून भिडलं न्हाईत."
हे मी कुठल्याच व्याकरणात वाचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यानं अर्ज आणला.
कंपनीत नवा साहेब, सगळं इंग्रजीत लागतं.
दोन वाक्यं होती, दोन टिंबं.
माय वाइफ एक्स्पायर्ड इन जानेवारी.
आय नीड द डे शिफ्ट.

मला माहीत नव्हतं.
जानेवारीत तो एकच तास चुकला होता,
आणि मी त्याला गैरहजर लिहिलं होतं.

"बिकॉज घाल," मी म्हटलं, "साहेबाला कळू दे."
तो कव्हरवर नख ओढत राहिला.
"बिकॉज घातलं की मागितल्यागत वाटतंय, मॅडम.
ती काय माझ्या पाळीसाठी गेली न्हाई."

मग पूर्णविराम राहू दे. चालतो, चूक नाही.
पण वाचणारा मधल्या मोकळ्या जागेतून
सरळ निघून जाईल,
एका घरचं मयत दुसऱ्या घरी कळणारच नाही.

त्यानं पेन घेतलं. टिंब होतंच.
त्याला खाली शेपूट ओढलं,
वर दुसरं टिंब ठेवलं.

माय वाइफ एक्स्पायर्ड इन जानेवारी;
आय नीड द डे शिफ्ट.

एक्स्पायर होते ती औषधाची बाटली,
माणसासाठी साधा 'डाइड' लिहावा,
हे मी दर वर्षी सांगते.
त्या दिवशी नाही सांगितलं.

पंधरा दिवसांनी तो उजेडात आला,
अंघोळ करून, मुलीचा हात धरून.
"मी बी आलो," ती म्हणाली. शरयू. दुसरीत आहे.
बाकावर चढून तिनं आधी खिडकी बंद केली.

निवासनं घडी उलगडून कागद माझ्यापुढं ठेवला.
युअर रिक्वेस्ट इज अप्रूव्ह्ड, यू मे जॉइन फ्रॉम मंडे.
मी वाचलं, आणि काय बोलावं ते शोधत होते,
तर तो वाकून म्हणाला,
"लाल पेन द्या मॅडम. साहेब चुकलाय."

दिलं.
स्वल्पविरामाच्या डोक्यावर त्यानं टिंब ठेवलं,
इतकं हलकं की कागदाला पेन टेकलं का नाही, कळेना.
खाली कांडप सुरू झालं. शरयू शिंकली.
बापानं तिचं नाक पुसलं, कागद घडी करून खिशात घातला,
"हं," म्हणाला, "फुडं सांगा."