एक्काहत्तर लिटर

तोक्तोसुनच्या वहीला डिझेलचा वास येतो.
डावीकडे तारीख, मग घाट, मग गिअर,
उजव्या कडेला लिटर.
अक्षर इतकं बारीक
की कागदाचीही काटकसर.

त्याचा खुबा आता क्लच दाबू देत नाही.
तलासचा राजमा मीच नेते बिश्केकला,
आठ टन, त्याच म्हाताऱ्या कामाझमधून.
वही शेजारच्या सीटवर, त्याच्या जागी.

ओत्मोकचा चढ लागला की
गाडी मागेल तेव्हाच गिअर उतरव, तो म्हणायचा.
उशीर केलास तर इंजिन मेटाकुटीला येतं,
काळा धूर ओकतं,
आणि तो धूर आपण पैसे देऊन विकत घेतलेला असतो.
घाई केलीस तर नुसतं किंचाळतं,
चाकं जातात रमतगमत, टाकी मात्र धावत सुटते.
मधे एक आवाज असतो,
पोटभर चरलेली घोडी चढ चढते तसा.
तो सापडला की पाय हलवू नकोस.

मला तो कितीतरी दिवस ऐकूच आला नाही.

सुसामिरच्या पठारावर
वरचा गिअर, काटा पंधराशेवर पेंगतो.
कडेला तंबू, कुमिसच्या बाटल्या, हात करणाऱ्या बायका.
आठ टन थांबवून पुन्हा पहिल्यापासून उचलायचे
म्हणजे खिशाला भोकच.
तरी अलिमकानपाशी मी थांबते.
वहीत लिहिते: अलिमकान, अर्धा लिटर.

तू-अशूचा बोगदा संपतो आणि रस्ता खाली कोसळतो.
इथे पुष्कळजण न्यूट्रल टाकतात,
फुकटात उतरतोय म्हणून शीळ घालतात.
इंजिन तेव्हाही आपल्या जिवापुरतं पीत असतं,
वर ब्रेक करपतात ते वेगळेच.
गिअरात ठेव, पाय उचल.
मग डोंगरच इंजिन फिरवतो,
थेंब जात नाही.

काल कारा-बाल्टाच्या पंपावर रांग होती.
सहज मागची पानं चाळली.
ओत्मोक, सेहेचाळीस.
ओत्मोक, पंचेचाळीस.
ओत्मोक, अठ्ठेचाळीस, वारा समोरून.
ओत्मोक, एक्काहत्तर.

एक्काहत्तर?

गिअरच्या रकान्यात आकडा नव्हता.
तिथे लिहिलं होतं: बुरुल.

जून होता. मी पहिल्यांदाच चाकावर,
दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची भीती,
अख्खा घाट इंजिन बोंबलत होतं,
मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या,
आणि हा थेंबाथेंबाला जपणारा माणूस
शेजारी बसून जर्दाळू खात होता,
बिया खिडकीबाहेर टाकत,
तोंडातून चकार शब्द नाही.

फोन वाजतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही.
"ओत्मोकला किती?"
"चव्वेचाळीस."
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
"पुन्हा मोज," तो म्हणतो.