नववा पडदा

नवी आली मंगळवारी, पुण्याहून, पार्सलने.
खोक्यावर 'नाजूक' लिहिलेलं
आणि त्यावरच हमालाच्या चपलेचा ठसा.
अंग मोरपंखी, मान इतकी गुळगुळीत
की मी आधी साबणाने हात धुऊन आलो
आणि बघायला आलेल्या पाहुण्यासारखा
खुर्चीच्या टोकावर बसलो.

जुनी भिंतीला टेकून बघत होती.
बघत होती असं म्हणू नये, लाकूड ते.
पण मी तिच्यावर टॉवेल टाकला, हे खरं.

जुनी म्हणजे गार्ड मेल्विन पिंटोंची.
मुलीकडे पर्थला निघाले तेव्हा
रेल्वे क्वार्टर रिकामं करताना त्यांनी विचारलं,
कूलर नेतोस की गिटार?
एप्रिल होता. भुसावळचा एप्रिल.
आई आठ दिवस बोलली नाही माझ्याशी.

तिचा लाल रंग कोपराने खाल्लाय,
आतले प्लायचे थर दिसतात.
सॉकेट हुसेन तडवीने मिक्सरमधलं बसवलंय.
सहावी खुंटी आपोआप फिरते,
म्हणून आगपेटीची काडी कायमची खोचलेली.
आणि नवव्या पडद्यावर दुसरी तार खुळखुळते,
वाळलेली शेंग कानाशी हलवावी तशी.
वीस वर्षं मी नवव्यावर थांबलो नाही.
आठव्यावरून तार ओढून घ्यायची,
नाहीतर सरळ दहाव्यावर उडी.

लोक म्हणायचे, बऱ्हाटेची स्टाइलच वेगळी.
वरणगावच्या एका पोराने तर
ती उडी शिकायला दोन महिने शिकवणी लावली.
मी पैसे घेतले.
तो आता सुरतेला वाजवतो, चांगल्या गिटारवर,
अजूनही उडी मारतो म्हणे.

नवी कुठेच खुळखुळत नाही.
बावीस पडदे, बावीसही खरं बोलणारे.
सूर लावून यावलला जाऊन या,
पत्र्याखाली चव्वेचाळीस डिग्रीत पडलेली असो,
परत आल्यावर सूर तिथेच,
बँकेतल्या पैशासारखा.
तक्रार करायला जागा नाही.
मी शोधली.

एक आहे पण. जुनीला घुरघुर होती.
घर यार्डाला लागून, रुळांवर पंचवीस हजारांची तार;
मालगाडी जवळ आली की
आधी जुनी कण्हायची,
मग मांडणीवरची ताटं,
मग गाडी.
सुलभा कणीक मळता मळता म्हणायची,
"कोळसा चालला वाटतं."
नवीत दोन-दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी,
एक दुसरीची घुरघुर खाऊन टाकते.
"तंत्र आहे भो," हुसेन म्हणाला,
"यात वाईट वाटण्यासारखं काय?"
परवा डोळे मिटून वाजवत होतो,
अख्खा रेक निघून गेला असणार,
मला ताटांकडून कळलं.

रात्री मुद्दाम बोट नवव्यावर ठेवलं.
सावकाश, नवख्या गावात पत्ता विचारावा तसं.
सूर आला. स्वच्छ, उभा, पूर्ण.
मग तेच गाणं चालीत घेतलं
तर हात आपला आठ, दहा.
परत घेतलं. आठ, दहा.
चौथ्यांदा जमलं, आणि मी
बाकीचं गाणंच विसरलो.

रविवारी पर्थहून व्हिडिओ कॉल आला.
मेल्विन अंकल आता खूप बारीक झालेत.
नवी दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली,
"फर्स्ट क्लास," म्हणाले, डब्याबद्दल म्हणायचे तसं.
मग जरा थांबून,
"नववा वाजतो का रे अजून? तसाच?"

टॉवेल काढला. काडी दाबली.
फोन कणकेच्या डब्याला टेकवून
नववा वाजवला, दुसऱ्या तारेवर,
थांबलो त्याच्यावर, पुरा खुळखुळू दिला.

ते हसत होते.
की चित्र तिथेच अडकलं होतं,
कळायला मार्ग नव्हता.
मी पुन्हा वाजवला.